मिठाच्या गोतातला फ्लोरिन आणि विमानाची पाती

वास्कोला किंवा कळंगुटला समुद्राजवळ घर असलं की लोखंडी ग्रिलला सारखा रंग काढत बसावं लागतं, पण अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी मात्र पांढरे डाग पडले तरी टिकून असते. अॅल्युमिनियम पण हवेतला ऑक्सिजन घेतंच, फक्त त्याचा ऑक्साइड इतका पातळ आणि घट्ट बसतो की पुढच्या ऑक्सिजनला आत शिरायला वाटच राहत नाही.

मग टायटॅनियम अॅल्युमिनाइड या विमानाच्या इंजिनातल्या मिश्रधातूला गंजायची भीती नको ना? यात जवळपास निम्मे अणू अॅल्युमिनियमचे असतात, बाकीचे बहुतेक टायटॅनियमचे. बोइंग ७८७ ला लावतात त्या जीईएनएक्स इंजिनात (एअर इंडियाच्या ७८७ ला हीच असतात) लो-प्रेशर टर्बाइनच्या (गरम गॅसने फिरणारा मागचा, कमी दाबाचा भाग) शेवटच्या टप्प्यांतली पाती याचीच, कारण याची घनता ४ च्या आसपास आणि निकेलच्या सुपरअलॉयची (ताप सोसणारा नेहमीचा मिश्रधातू) ८ च्या वर, म्हणजे वजन निम्मं, आणि पातं हलकं झालं की त्याला धरून ठेवणारी डिस्कपण हलकी करता येते.

पण साधारण ७५०-८०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गडबड सुरू होते. ऑक्सिजनची ओढ टायटॅनियमलाही जवळपास अॅल्युमिनियमइतकीच, त्यामुळे दोघांचे ऑक्साइड एकत्रच वाढतात, टायटॅनियमचा भराभर वाढतो, आणि मग इंजिन गरम-थंड होताना त्या खिचडी थराचे पापुद्रे सुटतात. वरून थोडा ऑक्सिजन धातूत मुरतो आणि आधीच ठिसूळ असलेलं पातं आणखी ठिसूळ होतं.

यावरचा उपाय मला भारी वाटतो. पृष्ठभागात अगदी थोडा फ्लोरिन घालायचा. क्लोरिन पण चालतो. क्लोरिन म्हणजे आपल्या मिठातलाच, फ्लोरिन त्याचाच भाऊबंद, आणि खारं वारं इंजिनात गेलं की मिठाचा थर बसून पाती खराबच होतात, पण मोजून-मापून आत घातलेला हाच गोतावळा राखण करतो! गरम झाल्यावर फ्लोरिन टायटॅनियमला सोडून मुख्यतः अॅल्युमिनियमला धरतो, त्या जोडीचा वायू बनतो, तो बारीक भेगांमधून वर येतो, वर ऑक्सिजन भेटला की अॅल्युमिनियम तिथे ऑक्साइड बनून उतरतं आणि मोकळा झालेला फ्लोरिन परत खाली. बेती-पणजी फेरीबोटच समजा, माणसं उतरवायची आणि पुन्हा पलीकडे. थोड्या वेळात वर निव्वळ अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, दाट थर तयार होतो आणि तो मग फार सावकाश वाढतो.

सगळी गोम प्रमाणात आहे. फ्लोरिन कमी पडला तर काहीच होत नाही आणि जास्त झाला तर टायटॅनियमचे फ्लोराइडपण उडायला लागतात, म्हणजे संरक्षण सोडाच, उलट नुकसान. तो घालायच्या पद्धती बऱ्याच: फ्लोरिनचे आयन (विजेचा भार असलेले अणू) वेगाने आत मारायचे, पातळ हायड्रोफ्लोरिक अॅसिडात बुडवायचं (हे अॅसिड भयंकर, हाडापर्यंत जातं), गॅस किंवा प्लाझ्मा वापरायचा, नाहीतर नॉनस्टिक तव्यावर असतं तसलं फ्लोरिनवालं पॉलिमर फवारायचं. वर अॅल्युमिनियमचा जाड थर चढवायची जुनी पद्धतही आहे, पण तो थर स्वतःच ठिसूळ असतो, तडकतो. फ्लोरिनवाल्यात वेगळं कोटिंग बसवायचं नसतं, धातू आपलाच थर बनवतो, म्हणून मला ती उजवी वाटते.

मात्र ९०० अंशांवर ऑक्सिडेशन आटोक्यात आलं म्हणून लगेच पाती तिथे नेता येत नाहीत. इतक्या तापात, त्यात गरगर फिरताना पडणाऱ्या ताणाने धातू हळूहळू लांबत जातो, त्याला क्रीप म्हणतात, आणि पृष्ठभागावरचा फ्लोरिन ते थोडंच थांबवणार, ते काम आतला मिश्रधातू बनवणाऱ्यांचं.