शिक्का, पोलाद आणि पान्याची किंमत

१८७६ साली फिलाडेल्फियात जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे परीक्षक म्हणून गेलेल्या फ्रान्झ रूलो या जर्मन अभियंत्याने आपल्याच देशाच्या मालाबद्दल मायदेशी लिहून कळवले: स्वस्त आणि वाईट. जर्मनीत यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे १८८७ मध्ये ब्रिटनने कायदाच केला. ब्रिटिश वाटावे असे नाव किंवा खूण असलेला माल बाहेरून आला, तर तो मुळात कुठला हे त्यावर लिहिणे भाग पडले. हलक्या जर्मन मालावर शेफील्डचा (सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेल्या इंग्लिश शहराचा) शिक्का मारून तो विकला जातो, ही तिथल्या कारागिरांची तक्रार होती. म्हणजे 'मेड इन जर्मनी' हे शब्द आले ते गिऱ्हाइकाला सावध करायला! गंमत अशी की ज्या जर्मन पान्यांसाठी आणि पकडींसाठी लोक आज बिनतक्रार जास्त पैसे मोजतात, ती बनवणाऱ्यांपैकी हाझेट (१८६८) आणि क्निपेक्स (१८८२) हे कारखाने त्या कायद्याच्या आधीचेच आहेत.

पण पान्याचा दर्जा ही गोष्ट मोजता येऊ लागली ती नट-बोल्टांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत, एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. १८४१ मध्ये इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचवले, १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे. नटाचे माप ठरले, तेव्हाच पान्याचे तोंड त्याला 'बरोबर' बसते की ढिले, हे म्हणायला अर्थ आला. (व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा मात्र तोंडाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. जुनी मोटरसायकल खोलायला बसलेले अनेकजण इथेच पहिल्यांदा चकतात.) मापांचा हा गोंधळ असतानाच्या काळात एकाच हत्यारात सगळे नट पकडणारा पाना हवाहवासा वाटणे साहजिक होते. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेला, तोंड कमीजास्त होणारा पाना आजही प्रत्येक घरात सापडतो. त्याचे हलते तोंड थोडे खेळतेच, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल व्हायला तेवढे पुरते. या प्रकारात तरी पैसे वाचवू नयेत, असे माझे मत आहे.

मोटारी आल्या आणि मेकॅनिकच्या पेटीत हत्यारांची गर्दी झाली. तेव्हा सॉकेट (नटावर टोपीसारखे बसणारे तोंड) आणि त्याचा दांडा एकाच तुकड्यात येई, दर मापाला नवे हत्यार. मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सन यांनी दांडे वेगळे आणि सॉकेट वेगळे करायचे सुचवले. मालकाने ती कल्पना धुडकावली. १९२० मध्ये त्यांनी विल्यम सीडमन यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली, तीच स्नॅप-ऑन. पाच दांडे आणि दहा सॉकेट पन्नास हत्यारांचे काम करतील, ही तिची जाहिरात. पुढे विक्रेत्याने गाडी घेऊन थेट गॅरेजच्या दारात यायचे, मोडलेले हत्यार तिथेच बदलून द्यायचे आणि पैसे हप्त्याने घ्यायचे, अशी पद्धत रुळली. महागड्या पान्याच्या किमतीत पोलादाबरोबर ही फेरी, ही उधारी आणि काम न थांबण्याची हमीही असते. ज्याचे पोट पान्यावर आहे त्याला ती परवडते. वर्षातून दोनदा चाक खोलणारा मात्र कधीच न येणाऱ्या गाडीचे भाडे भरतो.

सीअर्स या अमेरिकन दुकान-कंपनीने वेगळी वाट धरली. १९२७ मध्ये तिने 'क्राफ्ट्समन' हे नाव ५०० डॉलरला विकत घेतले. स्वतःचा कारखाना न काढता इतरांकडून हत्यारे बनवून घ्यायची, किंमत मध्यम ठेवायची आणि तुटले तर केव्हाही बदलून द्यायचे, असा तिचा हिशेब होता. २०१७ मध्ये हे नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या कंपनीकडे गेले तेव्हा सौदा सुमारे ९० कोटी डॉलरचा ठरला होता. नावाची किंमत म्हणतात ती ही.

मधल्या काळात स्वस्तपणाचा शिक्का गावे बदलत राहिला. जर्मनीनंतर युद्धोत्तर जपानी मालाला लोक हसले, मग तैवानच्या, मग चीनच्या. तैवानमध्ये ताइचुंगच्या आसपास हत्यारांचे कारखाने दाटीने उभे राहिले आणि कित्येक पाश्चात्त्य नावांचे सॉकेट तिथूनच येऊ लागले. शिवाय चांगल्या कल्पना पेटंट संपले की सगळ्यांच्या होतात. नटाच्या कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर जोर देणारी सॉकेटची घडण स्नॅप-ऑनने १९६० च्या दशकात आणली. आज ती साध्या संचातही असते. पान्याने किमान किती पीळ सोसला पाहिजे, हेही आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत लिहिलेले आहे. त्यामुळे साध्या रिंग पान्यात स्वस्त आणि महाग यांतले अंतर पूर्वीपेक्षा खूप कमी झाले आहे. रॅचेटमध्ये (एकाच दिशेने पकडणाऱ्या, दातेरी चाकाच्या दांड्यात) ते अजून हाताला कळते: आत किती दाते आहेत, ते किती नेमके कापले आहेत, अडचणीच्या जागी दांडा किती कमी फिरवून पुढचा दाता पकडतो, हे सगळे तिथे पैसे मागते.

आणि पोलाद. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीने व्हॅनेडियम पोलाद (व्हॅनेडियम हा धातू थोडा मिसळलेले) गाजवले. पुढे क्रोम-व्हॅनेडियम हत्यारांत आले आणि पाने बारीक असूनही दणकट होऊ लागले. आता हे दोन शब्द सगळ्यात स्वस्त पान्यावरही कोरलेले दिसतात, आणि बहुतेक वेळा ते खोटे नसतात. पण त्या पोलादाला पाणी कसे दिले (म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक कसे केले), नंतर ते किती तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला, हे त्या शब्दांत येत नाही. कडकपणा कमी पडला तर जोर लावताच पान्याचे तोंड फाकते, जास्त झाला तर पाना काच तुटावी तसा तुटतो. मुलाम्याखाली दोन्ही सारखेच चकाकतात.