सप्टेंबर २०१५ की जानेवारी २०१६? एका मूळ संख्येच्या तारखेचा घोळ

२ चा ७४२०७२८१ वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा. उत्तर येतं ते २,२३,३८,६१८ अंकी, शेवटचे दोन अंक ५१, आणि ती मूळ संख्या आहे. GIMPS हा जगभरातल्या स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर अशा संख्या शोधणारा प्रकल्प, त्याच्या यादीत तिच्यापुढे शोधाची तारीख आहे ७ जानेवारी २०१६. पण शोधणाऱ्या कॉम्प्युटरने प्रकल्पाच्या सर्व्हरला निकाल कळवला होता १७ सप्टेंबर २०१५ लाच.

ही मर्सेन जातीची संख्या, म्हणजे २ चा कुठलातरी घात वजा १. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर ओळीने ७४२०७२८१ वेळा नुसता १. आज सगळे रेकॉर्ड याच जातीत का सापडतात, तर टेस्ट फार स्वस्त आहे म्हणून. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, जी तपासायची त्या संख्येने भागून बाकी ठेवा, परत तेच. ३१ साठी (२ चा ५ वा घात वजा १) करून बघा: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी शून्य. शून्य आलं की मूळ. आपल्या संख्येला हेच ७४२०७२७९ वेळा करावं लागलं, ३१ दिवस मशीन चालू होतं.

तर सप्टेंबरात शून्य आलं, पण सर्व्हरमधल्या बगमुळे कळवणारा ईमेल गेलाच नाही आणि निकाल डेटाबेसमध्ये तसाच पडून राहिला, जानेवारीत नेहमीची देखभाल करताना कुणाच्या तरी नजरेस पडला. GIMPS चा अधिकृत निर्णय असा झाला की माणसाने पाहिलं तो शोधाचा दिवस.

याला आधार दिला १९६१ चा. तेव्हा मेनफ्रेमच्या (त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या) एकाच रनमध्ये २ चा घातांक ४२५३ आणि ४४२३ असलेल्या अशाच दोन मूळ संख्या निघाल्या, पण प्रिंटआउट शेवटाकडून वाचला गेला आणि मोठी आधी दिसली, म्हणून ४२५३ वाली कधीच सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या नव्हती असं धरतात. म्हणजे बघा, १२८१ अंकी ती संख्या, हजार अंकांच्या पुढच्यांत पहिली ठरायची, आणि तो मान कागद कुठून वाचला यावर गेला! मला हे पटत नाही. शिवाय १९६१ मध्ये फरक होता एकाच प्रिंटआउटचा, इथे जवळपास चार महिन्यांचा.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही, २००९ मध्ये घातांक ४२६४३८०१ चा निकाल एप्रिलमध्ये आला आणि लक्षात आला जूनमध्ये.

जानेवारीची तारीख बरोबर मानणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे की हार्डवेअर चुकू शकतं, वेगळ्या मशीनवर वेगळ्या सॉफ्टवेअरने परत तपासल्याशिवाय निकाल पक्का नाही, आणि ती तपासणी झाली जानेवारीनंतरच. पण मग तारीखही तपासणी संपल्याची लावायला हवी ना, नजरेस पडल्याची कशी काय?

पुढे घातांक ७७२३२९१७ आणि ८२५८९९३३ येऊन गेले, मग २०२४ मध्ये १३६२७९८४१, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी. इथे ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका जीपीयूने (ग्राफिक्ससाठीच्या वेगवान चिपने) 'बहुधा मूळ', म्हणजे अजून पक्की सिद्ध न झालेली, म्हणून कळवलं, १२ ला सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या जीपीयूवर वर सांगितलेली टेस्ट पूर्ण झाली, आणि यादीत लागली १२ ऑक्टोबर. म्हणजे टेस्ट पूर्ण झाल्याचा दिवस. हाच हिशोब लावला तर ७४२०७२८१ पुढे १७ सप्टेंबर २०१५ यायला हवं, निदान दोन्ही तारखा शेजारी शेजारी तरी.