संवेदक तंत्रज्ञानातील पीएच.डी. संशोधनाची विद्याविषयक देखरेख (मराठवाडा)

वायू, ओलावा, आर्द्रता, पाण्यातले जड धातू यांचे प्रमाण विद्युत संकेतात बदलून देणाऱ्या साधनाला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. या विषयातील पीएच.डी.चे काम प्रवेशापासून तोंडी परीक्षेपर्यंत वेळोवेळी तपासण्याच्या व्यवस्थेला विद्याविषयक देखरेख म्हटले जाते. मराठवाड्यात ती मुख्यतः दोन विद्यापीठांकडे आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना 1958), तर नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना 1994) कार्यक्षेत्रात येतात. पहिल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ‘रुसा’ (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) या केंद्रीय योजनेतून उभे राहिलेले प्रगत संवेदक तंत्रज्ञान केंद्र आहे. शेतीसाठीच्या संवेदकांच्या दृष्टीने परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (1972) महत्त्वाचे आहे.

चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांची आहे. कोर्सवर्कसह किमान 3 व कमाल 6 वर्षे हा कालावधी असतो. कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचे असते. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम येतो आणि 55 टक्के गुण मिळवावे लागतात. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 व सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी मिळत नाही.

देखरेखीचा मुख्य भार संशोधन सल्लागार समितीवर असतो. दर सत्राला विद्यार्थी समितीपुढे सादरीकरण करून अहवाल देतो. प्रगती असमाधानकारक वाटल्यास समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते आणि त्याही झाल्या नाहीत, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. मात्र या समितीचा निमंत्रक मार्गदर्शकच असतो. त्यामुळे आपल्याच विद्यार्थ्याच्या कामातली उणीव त्यालाच मांडावी लागते, आणि बैठक वीस मिनिटांच्या पॉवरपॉइंटमध्ये आटोपण्याचा धोका राहतो. संवेदकाच्या कामात तर स्लाइडवरचा आलेख बघून फारसे काही कळत नाही. मूळ मोजणीच्या फाइली, पानांना क्रमांक असलेली बांधीव नोंदवही आणि वायुजोडणीची आकृती समोर असावी लागते.

आकृती का मागायची, ते एका हिशेबाने कळते. 1000 पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) अमोनियाच्या सिलिंडरमधून 10 पीपीएम हवे आहे आणि एकूण प्रवाह मिनिटाला 500 मिली आहे. म्हणजे सिलिंडरमधून 5 मिली व कोरडी हवा 495 मिली. दोन्ही नळ्यांवर 500 मिली क्षमतेचे प्रवाहनियंत्रक (एमएफसी) लावले आणि त्यांची अचूकता पूर्ण क्षमतेच्या एक टक्का असली, तर चूक 5 मिलीपर्यंत जाऊ शकते. जेवढा वायू द्यायचा तेवढीच चूक! तिथे 10 मिलीचा नियंत्रक लावला की तीच चूक 0.1 मिली, म्हणजे दोन टक्क्यांवर येते. नियंत्रक किती क्षमतेचा, एवढे विचारले तरी पुष्कळ प्रबंधांतला पहिला आलेख डळमळतो.

दुसरी जागा शोधमर्यादेची, म्हणजे संवेदकाला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाची. रिकाम्या हवेतल्या संकेताच्या प्रमाण विचलनाची (चढउताराच्या मापाची) तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा (ज्ञात प्रमाण आणि संकेत यांच्या आलेखाचा) उतार, हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. त्यातून काही पीपीबीचा (अब्ज भागांत एक भाग) आकडा निघतो आणि तोच गोषवाऱ्यात मिरवतो. प्रत्यक्षात सर्वांत कमी मोजलेले प्रमाण 10 पीपीएम असते. सूत्राने काढलेली मर्यादा आणि खरोखर मोजलेले किमान प्रमाण शेजारीशेजारी लिहायला लावणे, हे समितीचे काम.

आर्द्रतेकडे मराठवाड्यात दुर्लक्ष करून चालत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी घेतलेली टिन ऑक्साइडच्या संवेदकाची बेसलाइन (वायू नसतानाचे मूळ मापन) जुलैत जुळत नाही, कारण पृष्ठभागावर बसलेले पाणी रोध बदलते. आर्द्रतेची तपासणी संतृप्त क्षारद्रावणांवर स्वस्तात होते. 25 अंश सेल्सिअसला बंद बरणीत लिथियम क्लोराइडवर सुमारे 11 टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर 33, साध्या मिठावर 75 आणि पोटॅशियम सल्फेटवर 97 टक्के सापेक्ष आर्द्रता मिळते. बरणीच्या तळाशी न विरघळलेला क्षार दिसला पाहिजे. तो नसेल तर द्रावण संतृप्त राहिलेले नाही आणि आकडा भरवशाचा नाही. निवडक्षमतेच्या (हव्या त्याच वायूला प्रतिसाद देण्याच्या) चाचणीत एक घरगुती घोळही होतो: खोलीत कुणी सॅनिटायझर वापरला की त्यातल्या अल्कोहोलला संवेदक प्रतिसाद देतो आणि श्रेय अमोनियाला जाते.

जमिनीतल्या ओलाव्याच्या संवेदकांत काळी माती परीक्षा घेते. धारितेवर चालणारा संवेदक मातीचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत ऊर्जा साठवण्याची तिची सापेक्ष क्षमता, ओळखतो. पाण्याचा तो सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5 आणि हवेचा 1. मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे-आकसणारे खनिज असलेली ही काळी माती वाळताना भेगाळते. भेग संवेदकाच्या दांड्यालगत पडली की मध्ये हवा शिरते आणि आकडा एकदम घसरतो. वापशातल्या रानाला तो कोरडे ठरवतो. म्हणून कंपनीचे कॅलिब्रेशन न मानता त्याच शेतातली माती 105 अंशांना 24 तास ओव्हनमध्ये वाळवून वजनावरून ओलावा काढावा लागतो. वजनी टक्के घनफळी टक्क्यांत नेताना घनता एकच धरणे ही नेहमीची चूक आहे. ओली माती फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे तिची घनताही ओलाव्याबरोबर बदलते.

पुष्कळ विद्यार्थी महाविद्यालयांत शिकवता शिकवता अर्धवेळ संशोधन करतात. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोजण्या रविवारी नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत होतात. स्थिरतेची चाचणी मात्र सलग दिवसांची असते, आणि दोन सुट्ट्यांतले बिंदू सरळ रेषेने जोडले म्हणजे मधले दिवस मोजले असे होत नाही. अशा वेळी सुरुवातीलाच डेटा लॉगर (आपोआप नोंदी घेणारे साधन) लावायला सांगावे. नमुने क्ष-किरण विवर्तनासाठी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बाहेरगावी पाठवले जातात, तिथे नमुन्याचा क्रमांक आणि संवेदकाचा क्रमांक एकच आहे का, हेही पाहावे लागते. एका बॅचची भुकटी आणि दुसऱ्या बॅचचा संवेदक अशी सरमिसळ सहज होते.

शेवटी प्री-सबमिशन सादरीकरण, साहित्यचौर्य तपासणी, मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल आणि तोंडी परीक्षा. पदवीनंतर प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो. इतर मजकुराशी सारखेपणा दहा टक्क्यांच्या आत असला तर दंड नाही, पण ती तपासणी फक्त शब्दांची आहे, मोजणीची नाही. म्हणून प्री-सबमिशनच्या दिवशी सहा महिने कपाटात पडलेला एखादा संवेदक काढून समितीसमोर जोडायला सांगावा आणि त्याचा प्रतिसाद प्रबंधातल्या आलेखाशेजारी ठेवावा. अर्ध्या तासाचे काम आहे.