व्हॅन निघण्याआधीची दोन मिनिटं

शहर प्रशासन आणि एखादं रुग्णालय मिळून मानसिक आरोग्याच्या तातडीच्या कॉलना प्रतिसाद देणार, अशी बातमी आली की तिच्यासोबत हमखास एका व्हॅनचा फोटो असतो. नवीकोरी व्हॅन, शेजारी हसरे पॅरामेडिक, आणि मथळा साधारण असा: ‘आता पोलिसांऐवजी आरोग्यसेवक येणार’. वाचणाऱ्याला वाटतं, गाडीत कोण बसतं एवढाच प्रश्न होता आणि तो सुटला. मला मात्र त्या फोटोत कधीच न दिसणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल असतं. हेडफोन लावून फोन घेणारा तो कर्मचारी. कोणती गाडी निघणार हे तो ठरवतो, आणि त्याच्या निर्णयामागचं गणित हा या विषयातला सगळ्यांत देखणा भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अशा योजनांचा सर्वाधिक बोलबाला अमेरिकेत आहे. तिथे ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला की पूर्वापार तीनच पर्याय: पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका. घरातला माणूस तीन रात्री झोपलेला नाही, स्वतःशीच मोठ्याने बोलतोय, दार आतून लावून बसलाय, असा फोन आला तर आग नसते, जखमही नसते. मग उरतात पोलीस. आता ज्याला आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे असं आधीच वाटतंय, त्याच्या दारात सायरन वाजवत गणवेशातली माणसं उभी राहिली तर काय होईल? भीतीने शरीर आणीबाणीच्या स्थितीत जातं. अॅड्रेनलिन वाढतं, दिलेली सूचना डोक्यात शिरत नाही. ‘हात वर कर’ ही आज्ञा पाळली गेली नाही की समोरच्या पोलिसाला तो विरोध वाटतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ पासून ठेवलेल्या नोंदींनुसार अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांपैकी सुमारे दर पाचव्या व्यक्तीत मानसिक आजाराची लक्षणं होती. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात. हिंसेचे बळी होण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त असते.

म्हणून पर्याय निघाले. डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये ‘स्टार’ नावाची सेवा सुरू केली. तिच्या व्हॅनमध्ये एक मानसोपचार क्षेत्रातला तज्ज्ञ आणि शहराच्या सार्वजनिक रुग्णालय व्यवस्थेतला, म्हणजे डेन्व्हर हेल्थचा, पॅरामेडिक असतो. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये ‘बी-हर्ड’ सुरू केलं, त्यात अग्निशमन दलाचे वैद्यकीय कर्मचारी आणि सार्वजनिक रुग्णालयांचे समुपदेशक एकत्र जाऊ लागले. ऑस्टिनने त्याच वर्षी ९११ वर चौथा पर्याय दिला. पोलीस हवेत, अग्निशमन हवं, रुग्णवाहिका हवी, की मानसिक आरोग्यसेवा?

पर्याय चार झाले म्हणजे निवड सोपी झाली असं नाही. फोन घेणाऱ्याकडे काय असतं? एक घाबरलेला आवाज, बहुतेकदा त्या व्यक्तीचा नव्हेच तर शेजाऱ्याचा किंवा आईचा, मागे गोंगाट, आणि फार थोडा वेळ. यातून त्याला ओळखायचं असतं की तिथे हिंसेचा धोका आहे का.

हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसलेल्या सैनिकांना पडला होता. पडद्यावरचा ठिपका शत्रूचं विमान आहे की नुसता गोंधळ? त्या अनुभवातून १९५० च्या दशकात एक सिद्धांत उभा राहिला, सिग्नल डिटेक्शन थिअरी, म्हणजे संकेत ओळखण्याचं शास्त्र. त्याचं चित्र असं. आडव्या अक्षावर ‘हा कॉल किती धोकादायक वाटतो’ याचे गुण मांडा. जे कॉल खरोखर निर्धोक निघतात त्यांच्या गुणांचा एक डोंगर तयार होईल आणि खरोखर धोकादायक कॉलचा दुसरा, जरा उजवीकडे. हे डोंगर एकमेकांत घुसलेले असतात. काही निर्धोक कॉल ऐकायला भयंकर वाटतात, काही धोकादायक कॉल अगदी शांत असतात. आता कुठेतरी एक उभी रेघ मारायची. तिच्या उजवीकडे पोलीस, डावीकडे आरोग्य पथक.

रेघ डावीकडे सरकवली तर कमी धोके सुटतील, पण पुष्कळ निर्धोक घरांत पोलीस पोचतील. उजवीकडे सरकवली तर उलट. खोटा गजर कमी करायचा तर हुकलेला धोका वाढतो. रेघ कुठेही न्या, दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत. त्यासाठी डोंगरच एकमेकांपासून लांब न्यावे लागतात. मला हा सिद्धांत आवडतो तो नेमका याचसाठी. ‘कर्मचाऱ्यांनी अधिक सावध राहावं’ असं परिपत्रक काढणं म्हणजे नुसती रेघ सरकवणं. अधिक चांगले प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे डोंगर हलवणं. दोन्हीला आपण ‘सुधारणा’ म्हणतो, पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आकडे घेऊ. हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त हिशोब दाखवण्यासाठी. समजा १००० कॉल आले आणि त्यांतले २० खरोखर धोकादायक आहेत. फोन घेणारा इतका कुशल की दोन्ही प्रकारचे कॉल ९० टक्के वेळा बरोबर ओळखतो. मग २० पैकी १८ धोकादायक कॉल तो पकडेल. पण उरलेल्या ९८० निर्धोक कॉलपैकी ९८ कॉलवरही तो ‘धोका’ असा शिक्का मारेल. शिक्का बसलेले एकूण ११६, त्यांत खरे फक्त १८. म्हणजे ९० टक्के अचूक माणसाने ‘धोका आहे’ म्हटलं तरी तो खरा असण्याची शक्यता सुमारे १६ टक्केच. इथे कर्मचाऱ्याचा दोष नाही. जी गोष्ट मुळात दुर्मिळ आहे ती शोधताना हे होतंच.

नवा पुरावा मिळाल्यावर शक्यता किती बदलते हे सांगणाऱ्या बेझच्या सूत्रात हे फार सुटसुटीत बसतं. धोकादायक आणि निर्धोक कॉलचं मूळ प्रमाण २० ला ९८०, म्हणजे १ ला ४९. आता एखाद्या प्रश्नाचं ‘हो’ हे उत्तर धोकादायक कॉलमध्ये ९० टक्के वेळा आणि निर्धोक कॉलमध्ये १० टक्के वेळा येत असेल, तर त्या उत्तराचं वजन ९०ला १०ने भागून ९. मूळ प्रमाणाला वजनाने गुणा: ९ ला ४९. एकूण ५८ मध्ये ९, तेच १६ टक्के. तेवढ्याच वजनाचा आणखी एक स्वतंत्र प्रश्न विचारला आणि त्याचंही उत्तर ‘हो’ आलं, तर ८१ ला ४९. शक्यता एकदम ६२ टक्क्यांवर.

प्रश्नाची किंमत अशी मोजता येते. ‘घरात चाकू आहे का?’ हा प्रश्न घ्या. चाकू प्रत्येक घरात असतो. दोन्ही प्रकारच्या कॉलमध्ये उत्तर ‘हो’च येणार, म्हणून त्याचं वजन १, आणि १ने गुणून प्रमाण बदलत नाही. माहिती शून्य, मात्र नोंदीत ‘घरात हत्यार’ असा शेरा पडला की पुढचे सगळे बिथरतात. त्याऐवजी ‘आत्ता त्यांच्या हातात काय आहे?’, ‘ते कुणाच्या अंगावर गेले का?’, ‘तुम्ही आता कुठे उभे आहात, त्यांच्यापासून किती लांब?’ असे प्रश्न खरं वजन उचलतात. फोन करणाऱ्यानेही आजाराचं नाव सांगण्यापेक्षा काय दिसतंय ते सांगितलं तर जास्त उपयोग होतो.

फक्त एक अडचण आहे. मघाशी मी ‘स्वतंत्र प्रश्न’ म्हटलं, आणि ते स्वतंत्रपण व्यवहारात क्वचितच मिळतं. प्रचंड घाबरलेला माणूस सगळ्याच प्रश्नांना ‘हो’ म्हणतो. मग दुसरं ‘हो’ हा नवा पुरावा उरत नाही, तीच पहिली भीती पुन्हा बोलत असते. ९ गुणिले ९ करून ८१ धरणं तिथे साफ चूक. सांख्यिकीत याला सशर्त अवलंबित्व म्हणतात आणि भलेभले त्यात फसतात. मुरलेला समुपदेशक फोनवर आधी बोलणाऱ्याला शांत करतो तो दयाळूपणापोटी असेल, पण गणिताच्या बाजूनेही ते बरोबर आहे. भीती उतरली की उत्तरं एकमेकांपासून सुटी होतात.

आता रेघेची जागा. ती दोन गोष्टींवरून ठरते: धोका किती दुर्मिळ आहे, आणि दोन चुकांची किंमत किती. व्यवस्थेचं घोडं अडतं ते इथेच. धोका हुकला आणि आरोग्यसेवक जखमी झाला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी. पोलीस विनाकारण गेले, माणूस अधिक घाबरला, पुढच्या वेळी त्याच्या घरच्यांनी फोनच केला नाही, याची नोंद कुठेच होत नाही. एक चूक दिसते, दुसरी दिसत नाही, म्हणून रेघ आपोआप डावीकडे सरकते. न्यूयॉर्कच्या कंप्ट्रोलर, म्हणजे शहराचे हिशोब तपासणाऱ्या, कार्यालयाने २०२५ मध्ये ‘बी-हर्ड’चं लेखापरीक्षण केलं, तेव्हा ६० टक्क्यांहून अधिक कॉल या सेवेसाठी अपात्रच ठरवले गेले होते असं आढळलं. जे पात्र ठरले त्यांतल्याही सुमारे ३५ टक्के कॉलना हे पथक मिळालं नाही.

रेघ उजवीकडे नेण्याचा एक सभ्य मार्ग आहे: निर्णय एकाच झटक्यात न घेणं. अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने महायुद्धाच्याच काळात क्रमवार निर्णयाचं शास्त्र मांडलं. पुरावा पुरेसा नसेल तर निकाल देऊ नका, आणखी थोडा पुरावा घ्या. आरोग्य पथक घटनास्थळी पोचतं, स्वतः पाहतं, आणि गरज वाटली तर वायरलेसवर पोलिसांना बोलावतं. फोनवरची चूक तिथे दुरुस्त होऊ शकते, त्यामुळे तिची किंमत घटते.

ओरेगॉन राज्यातल्या यूजीन शहरात व्हाइट बर्ड क्लिनिक १९८९ पासून ‘कहूट्स’ ही सेवा याच पद्धतीने चालवत होतं. २०१९ साली त्यांच्या हजारो फेऱ्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी वेळा पोलिसांची कुमक मागवावी लागली. हा आकडा जगभर फिरला आणि ‘बघा, पोलिसांची गरजच नाही’ असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अर्थ चुकीचा आहे. त्या फेऱ्या आधीच निवडलेल्या होत्या. अवघड वाटणारे कॉल फोनवरच बाजूला काढलेले, आणि उरलेल्यांतही कुणाची विचारपूस कर, कुणाला निवाऱ्यापर्यंत सोड असली कामं भरपूर. दोन टक्के हे श्रेय पथकाइतकंच फोन घेणाऱ्यांचंही आहे. एप्रिल २०२५ मध्ये पैशांअभावी यूजीनमधली ही सेवा बंद पडली. तेव्हा व्हॅनचे फोटो पुन्हा छापून आले, फोन घेणाऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जाता जाता, पौर्णिमा-अमावास्येला असे कॉल वाढतात, ही समजूत रुग्णालयांतल्या शिकल्यासवरल्या माणसांतही पक्की असते. १९८५ साली रॉटन आणि केली या संशोधकांनी ३७ अभ्यास एकत्र करून तपासलं. वर्तनातल्या चढउतारांशी चंद्राच्या कलांचा संबंध जवळपास शून्य निघाला. पौर्णिमेच्या रात्री गडबड झाली की ती लक्षात राहते, शांत पौर्णिमा कुणी मोजत नाही. आजची नवी पौर्णिमा म्हणजे आवाजावरून धोका ओळखणारं संगणकीय सॉफ्टवेअर. ‘९० टक्के अचूक’ अशी त्याची जाहिरात दिसली तर वरचे ११६ आणि १८ हे आकडे आठवावेत.

मग भागीदारीत रुग्णालयाचं नेमकं काम काय? व्हॅनमध्ये माणूस देणं हे आहेच. ह्यूस्टनसारख्या शहरात समुपदेशक थेट फोन-कक्षातच बसतात, म्हणजे डोंगर हलवायची सोय तिथेच. मेम्फिसमध्ये १९८७ साली पोलिसांच्या गोळीने मानसिक आजार असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाल्यावर १९८८ मध्ये पोलिसांसाठी ४० तासांचं खास प्रशिक्षण सुरू झालं, ते जगभर नावाजलं गेलं. त्यातला कमी गाजलेला भाग असा की रुग्णाला कधीही आणलं तरी नकार न देणारा मनोविकार आपत्कालीन कक्षही तिथे होता. उतरवून घेणारी जागा नसेल तर प्रशिक्षित पोलीससुद्धा शेवटी कोठडीच गाठतो.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते निकाल परत कळवणं. फोन घेणाऱ्याने निर्णय दिला, गाडी निघाली, आणि पुढे काय झालं हे त्याला बहुधा कधीच समजत नाही. निकाल न कळता हजार कॉल घेतले तरी अंदाज सुधारत नाही. रुग्णालयाला शेवट माहीत असतो. रुग्णाची गोपनीयता सांभाळून तो फोन-कक्षापर्यंत पोचला तरच रेघ कुठे चुकली ते कळतं. तरीही अर्धी माहिती हुकतेच. जिथे पोलीस गेले तिथे व्हॅन गेली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच कळत नाही.

याचं थोडंफार उत्तर डेन्व्हरमध्ये मिळालं, कारण ‘स्टार’ सुरुवातीला शहराच्या ३६ पोलीस विभागांपैकी फक्त ८ मध्ये होती. स्टॅनफर्डच्या डी आणि पाइन या संशोधकांनी दोन्हीकडची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. सेवा असलेल्या विभागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या, हिंसक गुन्ह्यांत वाढ दिसली नाही. इथेही जपून. आरोग्यसेवक गुन्हा नोंदवत नाहीत, म्हणून पोलीस गेले नाहीत तिथे नोंद कमी होणारच, त्यात नवल नाही. मात्र व्हॅन ज्या वेळांत फिरत नव्हती त्या वेळांतही घट आढळली. एकदा नीट मदत मिळालेल्या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा फोन येणं थांबलं असावं, असा त्याचा एक अर्थ लागतो. तो खरा असेल तर १ ला ४९ हे सुरुवातीचं प्रमाणसुद्धा स्थिर धरता येणार नाही, आणि वरचं सगळं गणित दर काही महिन्यांनी नव्याने मांडावं लागेल.