सौर कृषी वाहिनी (विदर्भ)

शेतीपंपांच्या 11 केव्ही (11 हजार व्होल्टच्या) वाहिनीला, म्हणजे फीडरला, जवळच्या उपकेंद्रावर सौर प्रकल्पाची जोड देऊन दिवसा वीजपुरवठा करण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ती ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ या नावाने जून 2017 मध्ये आली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर व पारस ही औष्णिक केंद्रे विदर्भातलीच आणि वणी, चंद्रपूर, उमरेड या पट्ट्यांतल्या खाणीही इथल्याच. तरी ओलितासाठी येथील शेतकऱ्याच्या वाट्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच पाळी येई.

राळेगणसिद्धी (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) आणि कोळंबी (जि. यवतमाळ) येथे योजनेचे पथदर्शी प्रकल्प घेण्यात आले. त्यामुळे विदर्भापुरता आरंभ कोळंबीपासून धरण्याचा प्रघात समजण्याजोगा आहे. तांत्रिक दृष्ट्या मात्र तो मागे न्यावा लागतो. साधारणपणे 2005 नंतरच्या काळात महावितरणने गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने वेगळ्या केल्या. हेतू भारनियमनाचा होता : शेतीची थ्री फेज (मोटरी चालवणारी) वीज बंद असली तरी गावात दिवे राहावेत. घरे आणि मोटरी एकाच वाहिनीवर राहिल्या असत्या, तर केवळ शेतीचा भार सौर प्रकल्पावर टाकता आला नसता. म्हणून सौर वाहिनीचे मूळ या विलगीकरणात पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. 2010 नंतरच्या दशकाच्या मध्यास राबवलेले स्वतंत्र सौरपंप ही निराळी शाखा होय.

प्रकल्प बहुधा 33/11 केव्ही उपकेंद्रापासून 5 किमी.च्या आत असतो. एक मेगावॉटला सुमारे 4 ते 5 एकर जमीन लागते. गायरान किंवा पडीक सरकारी जमिनीला पसंती असते; 2023 मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीचे भाडे हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये ठरले. बॅटरी नसते. ढग आले की तूट ग्रिड (विजेचे सामायिक जाळे) भरून काढते, म्हणजे अशा वेळी कोळशाची वीजही त्याच तारेतून येते. स्वतंत्र सौरपंपाला हा आधार नाही. त्याची 3 अश्वशक्तीची मोटर सुमारे 3000 वॅटच्या पॅनेलवर चालते आणि आभाळ असले की पाण्याची धार बारीक होते. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. पंपाची क्षमता जमिनीच्या प्रमाणात, कमाल साडेसात अश्वशक्ती. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील खोल बोअरना ती अपुरी पडू शकते.

रात्री लाईन आली की बॅटरी-काठी घेऊन शेत गाठायचे, दांड (पाण्याचा पाट) वळवायचा, हरभऱ्यातल्या रानडुकरांची चाहूल घ्यायची, हा रब्बीतला क्रम. स्टार्टरला ‘ऑटो’ लावून घरी झोपणेही सर्रास चाले. पण लाईन येताच सगळ्या मोटरी एकदम उठत आणि डीपी (रोहित्र) जळे. नवी डीपी येईपर्यंत पीक सुके. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगत वाघाच्या भीतीमुळे दिवसाच्या विजेची मागणी अधिक तीव्र आहे.

अकोला, अमरावती व बुलढाण्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच ओलिताला अयोग्य, तेथे या वाहिनीचा उपयोग मर्यादित. मेळघाटच्या दुर्गम पाड्यांत ग्रिडबाह्य सौरसंचांचा मार्ग अवलंबला जातो.