शेळीची निवड आणि संगोपन

शेळी हे मांस, दूध, कातडे आणि लेंडीखत यांसाठी पाळले जाणारे रवंथी जनावर. पश्चिम आशियात, आजच्या इराणमधील झाग्रोस डोंगररांगांच्या परिसरात, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी रानशेळ्या माणसाळल्या. भारतात २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत सुमारे १४.८८ कोटी शेळ्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी सुमारे १.०६ कोटी महाराष्ट्रात होत्या. राज्यात शेळ्या प्रामुख्याने अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांकडे दोन-चार, फार तर दहा अशा संख्येने असतात, आणि त्यांचे खाणेपिणे बहुतेक ठिकाणी घरातल्या बायाच पाहतात. अलीकडे शेळीपालनाकडे वळणारे अनेक जण मात्र घरात कधी जनावर नसलेले असतात. नवख्या पाळणाऱ्याला लागणारी माहिती येथे मुख्यतः मराठवाड्यातील उस्मानाबादी शेळीच्या अनुषंगाने दिली आहे.

स्थानिक जाती

उस्मानाबादी शेळीचा मूळ टापू म्हणजे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर, बीड, परभणी, सोलापूर आणि अहिल्यानगर हे जिल्हे. रंग बहुधा पूर्ण काळा. काहींच्या कानांवर किंवा अंगावर पांढरे वा तपकिरी ठिपके असतात. पूर्ण वाढलेल्या शेळीचे सरासरी वजन ३२ किलोच्या आसपास भरते. पाय उंच, अंग काटक, आणि जुळी पिल्ले देण्याकडे कल. नीट सांभाळल्यास ती दोन वर्षांत तीनदा विते. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर. घरच्या चहापुरते दूध आणि करडांना पोटभर, असा हा हिशोब असतो. उन्हाळ्यात पाला सुकल्यावरही बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि बांधावरचे काटेकुटे खाऊन ती तग धरते. दुष्काळी पट्ट्यात तिचे खरे मोल यातच आहे.

संगमनेरी शेळी अहिल्यानगर, नाशिक, पुणे या भागांतली, बहुतांशी पांढरी, मांस आणि दूध दोन्हींसाठी उपयोगी. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातली. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ओळखू येते आणि कोकणातला मुसळधार पाऊस सोसते. विदर्भात बेरारी जात आहे. याखेरीज राजस्थानची सिरोही, पंजाबची बीटल, उत्तर प्रदेशची जमुनापारी आणि दक्षिण आफ्रिकेची बोअर यांची नावे नवख्याच्या कानावर वारंवार पडतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बोअर जातीचे भ्रूण परदेशातून आणून येथील शेळ्यांशी संकराचे काम केले. हे काम मोलाचे आहे, पण भारी वंशाची शेळी खायलाही तितकेच मागते. देखणी, लांब कानांची परप्रांतीय शेळी दमट हवेत आणि अपुऱ्या चाऱ्यावर खंगत जाते, आणि तिची किंमत जास्त असल्याने एकेक मृत्यू महागात पडतो. पहिला कळप आपल्याच जिल्ह्यात वाढलेल्या जातीचा असावा. सुधारणा करायचीच तर चांगला बोकड आणून पुढच्या पिढीत करता येते.

विकत घेताना

लोणंद, चाकण यांसारखे मोठे आठवडी बाजार भाव समजून घेण्यासाठी जरूर पाहावेत. पहिली खरेदी मात्र तेथे करू नये. बाजारात अनेक गावांचे कळप एकमेकांना खेटून उभे असतात आणि एखादे आजारी जनावर दिवसभरात इतरांना रोग देऊन जाते. शिवाय विकायला आलेल्या शेळ्यांमध्ये भाकड, वारंवार उलटणाऱ्या (लावूनही गाभण न राहणाऱ्या) आणि कासेचा विकार झालेल्या शेळ्यांचे प्रमाण जास्त असते, कारण चांगली दुभती, जुळे देणारी शेळी कुणी सहजी विकत नाही. म्हणून गावोगावच्या पाळणाऱ्यांकडे जाऊन, सगळा कळप पाहून, शेळीची आईसुद्धा समोर उभी करायला सांगून खरेदी करावी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे राज्यात अनेक ठिकाणी आहेत. तेथेही पैदाशीची जनावरे मिळतात.

वय दातांवरून कळते. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. सगळे दुधाचे, बारीक आणि टोकदार असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतले. मधले दोन पडून रुंद, कायमचे दात आले की ती दुदाती, वय सुमारे सव्वा वर्ष. मग दर सहा ते बारा महिन्यांनी एकेक जोडी बदलत जाऊन साडेतीन-चार वर्षांत आठही दात येतात. पुढे दातांत फटी पडू लागल्या किंवा ते झिजले की शेळी म्हातारी. नवख्याने दुदाती ते चारदाती, एकदा व्यालेली आणि शक्य तर गाभण किंवा पिल्लासह असलेली शेळी घ्यावी. तिने वीण आणि पाजणे निभावलेले असते. नुकतीच वयात आलेली पाठ (न व्यालेली तरुण मादी) स्वस्त मिळते, पण पहिलटकरणीची वीण सांभाळण्याची कसोटी पाळणाऱ्यालाच लागते.

डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून आतला रंग पाहावा. लालसर गुलाबी असल्यास ठीक; फिका पांढरट असल्यास पोटातले जंत रक्त पीत आहेत असे समजावे. शेपटीखालची जागा कोरडी आणि लेंड्या सुट्या असाव्यात. कास दोन्ही हातांनी चाचपावी, ती मऊ हवी आणि दोन्ही सड सारखे हवेत. गाठ लागली तर ती शेळी सोडावी. शेळी चालवून पाहावी आणि खूर पाहावेत.

बोकडाकडे लोक कमी लक्ष देतात, आणि येथेच मोठी चूक होते. पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड लागतो; म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रत्येक करडाची अर्धी गुणवत्ता त्या एकाच जनावराकडून येते. तो जुळ्यातला असावा, दोन्ही अंड सारखे आणि खाली उतरलेले असावेत, छाती रुंद असावी. बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला लावला तर काही पिल्ले उभयलिंगी, वांझ निपजतात. म्हणून जोडीतले एक तरी शिंगाचे हवे. दीड-दोन वर्षांनी बोकड बदलावा, नाहीतर तो आपल्याच पाठींवर चढतो आणि नात्यातल्या पैदाशीने पिल्ले दुबळी होत जातात.

आणलेली जनावरे तीन आठवडे घरच्या कळपापासून वेगळी ठेवावीत. तेवढ्यात ताप, हगवण, नाक गळणे यांपैकी जे व्हायचे ते दिसून येते.

चारा

शेळ्या आणण्याच्या आधी चारा लावावा. हा क्रम उलटा झाल्यामुळे बंद पडलेले गोठे गावोगाव दिसतात. शेळीला मान वर करून पाला ओरबाडायला आवडते, जमिनीवर पडलेला आणि तुडवलेला चारा ती तोंडातही घेत नाही. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, तुती आणि शेतात दशरथ घास किंवा लसूण घास असला तर वर्षभर हिरवे मिळते. पाल्याच्या जुड्या तिच्या तोंडाच्या उंचीला टांगून ठेवाव्यात. नासाडीही कमी आणि जंतही कमी. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये.

मोठ्या शेळीला दिवसाला साधारण तीन ते चार किलो हिरवा पाला, पाऊण ते एक किलो वाळला चारा आणि गरजेप्रमाणे २०० ते ३०० ग्रॅम खुराक (भरडलेले धान्य आणि पेंड) पुरतो. वाळल्या चाऱ्यात तूर, हरभरा आणि सोयाबीन यांचे भुसकट मराठवाड्यात भरपूर मिळते आणि ज्वारीच्या कडब्यापेक्षा शेळीला ते अधिक मानवते. गाभणपणाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत खुराक वाढवावा, कारण पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ याच काळात होते. क्षारविटा आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

दोन गोष्टींनी धडधाकट शेळ्या काही तासांत मरतात. पहिली म्हणजे लग्नकार्यातला उरलेला भात, पोळ्या किंवा सांडलेले धान्य पोटभर खाणे. पोटात आम्ल तयार होऊन शेळी आडवी पडते. प्रेमाने घातलेले शिळे अन्न हेही त्यातच आले. दुसरी म्हणजे कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने सुकलेली ज्वारी. तिच्यातल्या विषाने होणाऱ्या बाधेला शेतकरी किराळ लागणे म्हणतात. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत शेळ्या त्या शेताकडे फिरकू देऊ नयेत, आणि बाधा दिसताच क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवावे.

आदर्श गाव योजनेतल्या आणि हिवरे बाजारसारख्या चराईबंदी पाळणाऱ्या गावांत शेळ्या मोकाट सोडता येत नाहीत. तेथे बंदिस्त पद्धतच वापरावी लागते. इतरत्र सकाळी दव वाळल्यावर चारायला नेणे आणि संध्याकाळी गोठ्यात पुरवणी चारा देणे ही अर्धबंदिस्त पद्धत नवख्याला सर्वांत सोयीची. दव असताना जंतांच्या अळ्या गवताच्या पात्यांवर चढलेल्या असतात, म्हणून उशिरा सोडायचे.

गोठा

शेळी थंडी सोसते, ऊन सोसते, ओल मात्र सोसत नाही. उंच, पाणी न साचणारी जागा, पूर्व-पश्चिम लांबीचे छप्पर, मोठ्या शेळीमागे १० चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळे अंगण एवढे पुरे. मुरमाची जमीन सिमेंटपेक्षा बरी, कारण मूत्र मुरून जाते. कोकणात जमिनीपासून उंच, फटींच्या लाकडी माळ्यावर शेळ्या ठेवणे उत्तम. सुरुवातीलाच गोठ्यावर लाखो रुपये घालून जनावरांसाठी हातात पैसा न उरणे हा प्रकार टाळण्यासारखा आहे.

वीण आणि करडे

शेळी १८ ते २१ दिवसांनी माजावर येते, माज एक-दीड दिवस टिकतो. सतत ओरडणे, शेपूट हलवणे, इतरांवर चढणे ही लक्षणे. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, तेव्हा लावल्याची तारीख लिहून ठेवली तर वीण अवचित येत नाही. पाणमोट फुटून तासभर झाला तरी पिल्लू पुढे सरकले नाही तर डॉक्टर हवा. जार (वार) बारा तासांत पडतो. तो ओढू नये.

जन्मलेल्या करडाचे नाकतोंड पुसून नाळ बोटभर ठेवून कापावी आणि टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवावी. पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक, म्हणजे विल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पोटात गेलाच पाहिजे. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात पिल्लाला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात आणि काही तासांनी आतडे ती शोषून घेईनासे होते. जुळ्यात एक करडू दांडगे आणि दुसरे मागे राहणारे असते; त्या दुसऱ्याला सडाला धरून पाजावे लागते. शेळीपालनात नफा-तोटा ठरतो तो येथे. जुळी देणाऱ्या शेळीचे एक करडू महिन्याभरात दगावले, तर ती एकच देणारी शेळी झाली. कोरडे गोणपाट, वाऱ्याचा आडोसा आणि गर्दी न होऊ देणे एवढ्याने अनेक जीव वाचतात. एक ते चार महिन्यांच्या करडांना ओल्या, दाटीच्या जागेत रक्ती हगवण लागते. साधारण तीन महिन्यांनी दूध तोडावे, तोवर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला समोर टांगावा.

रोग आणि लसी

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, हा सर्वांत घातक रोग. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम नोंदला गेला. जोराचा ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात चट्टे, हगवण आणि फुफ्फुसदाह अशा क्रमाने तो कळप रिकामा करतो. लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा दिली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते, आणि ती सरकारी दवाखान्यात उपलब्ध असते. ती न टोचण्याला कोणतीही सबब नाही.

आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर हावरटासारखी तुटून पडलेली, कळपातली सगळ्यांत धट्टीकट्टी करडेच या रोगाने रातोरात जातात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि शेळ्यांची देवी या रोगांच्या लसी स्थानिक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. जंतनाशक सरसकट पाजण्यापेक्षा लेंड्या तपासून आणि पापणीचा रंग पाहून, वजनाप्रमाणे पाजावे. कमी मात्रेने जंत औषधाला दाद देईनासे होतात. अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात वर्ज्य.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहून गावचा गोठा पगारी माणसावर सोपवणे, म्हणजे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणे, येथे निभत नाही. खाणे सोडून कोपऱ्यात उभी राहिलेली शेळी रोज पाहणाऱ्यालाच दिसते, आणि तिला पहिल्या दिवशी मिळालेले औषध चौथ्या दिवशीच्या दहा इंजेक्शनांपेक्षा जास्त काम करते.

खर्च आणि विक्री

सुरुवात पाच-सहा शेळ्यांनी करावी; बोकड शेजाऱ्याचा चालतो. राज्य शासनाच्या योजनेत १० शेळ्या व एक बोकड असा गट अनुदानावर मिळतो: सर्वसाधारण लाभार्थ्यांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. जनावरांच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून विमा उतरवावा. लेंडीखताला फळबागवाल्यांकडून चांगली मागणी असते. ते उत्पन्नात धरावे.

बोकड अंदाजाने, नजरेने विकण्यात पाळणारा बहुधा ठकतो. साधा टांगता काटा घेऊन जिवंत वजनावर सौदा करावा. बकरी ईदला भाव चढतो, पण ही ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यामुळे पैदाशीचे वेळापत्रकही सरकवत न्यावे लागते. कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण झालेला लागतो. लंगडा, आंधळा, शिंग मुळापासून मोडलेला किंवा कानाचा मोठा भाग तुटलेला चालत नाही. म्हणून ईदसाठी राखलेले नर टकरी घेणाऱ्या मोठ्या बोकडांपासून सुरुवातीपासूनच वेगळे बांधतात.