नाशिकचा हिवाळा आणि गरम पाण्याचं बिल

डिसेंबर लागला की राज्याच्या हवामानाच्या बातम्यांत निफाडचं नाव येतंच. नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस १.८ अंशांपर्यंत उतरला होता. नाशिक शहरात तर जानेवारी १९४५ मध्ये ०.६ अंशांची नोंद झाली आहे. एवढी थंडी पडूनही नाशिकच्या घरांत खोली उबदार ठेवण्याची वेगळी सोय कधी केली गेली नाही. सिमल्याला किंवा श्रीनगरला हिवाळ्याचा खर्च म्हणजे खोली तापवण्याचा खर्च. नाशिकला तो अंघोळीच्या पाण्याचा खर्च आहे, आणि जानेवारीचं वीजबिल हातात पडलं की तो जाणवतो. या खर्चाचा इतिहास चुलीपासून सुरू होतो.

हवामानाचं कारण आधी पाहू. नाशिक दख्खनच्या पठाराच्या पश्चिम कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने उष्णता सोडते. त्यात उत्तरेकडून गार वारे आले की पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो. निफाडचा भाग गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातला, सखल आणि ओलिताचा. जड गार हवा तिथे साचून राहते. पण दुपारी हाच पारा अठ्ठावीस अंशांपर्यंत चढतो, भिंती तापतात आणि संध्याकाळपर्यंत घर राहण्याजोगं असतं. म्हणून रात्र निभावायला गोधडी, घोंगडी आणि अंगणातली शेकोटी पुरली. पहाटे टाकीतल्या गार पाण्याला मात्र विस्तवाशिवाय दुसरा उपाय नव्हता.

जुन्या घरांत हा उपाय स्वयंपाकाला जोडूनच असे. चुलीच्या शेजारी वैल असायचा. मुख्य चुलीतून निघालेला जाळ आणि धग आतल्या वाटेने वैलावर जायची आणि तिथे ठेवलेल्या हंड्यातलं पाणी भाकरी होईपर्यंत तापायचं. त्यासाठी वेगळं जळण लागत नसे. वाया जाणाऱ्या उष्णतेचा इतका चांगला उपयोग नंतरच्या कुठल्याही साधनाने केलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हेही सांगायलाच हवं की त्या चुलीचा धूर घरातल्या बायकांनी आयुष्यभर छातीत घेतला.

मोठ्या कुटुंबाला वैल पुरत नसे. तिथे तांब्याचा बंब आला. उभं पिंप, मधोमध धुराचं नळकांडं, खाली जाळी, बाजूला पाणी ओतायला नरसाळं आणि वर तोटी. नळकांड्यात लाकडाचे तुकडे, कोळसा, शेंगांची टरफलं, बुरकुंडं, घरात असेल ते जळायचं. नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडायचं. उरलेली राख भांडी घासायला जायची. नाशिकला बंबाची वाण कधीच नव्हती, कारण तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे जुनं गाव आहे. भांडीबाजार आजही आहे, आणि तांबटांच्या हातोड्यांचा आवाज जुन्या नाशकातल्या माणसांच्या चांगला ओळखीचा आहे. जळण वखारीतून यायचं. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातून बायका डोक्यावर मोळ्या घेऊन बाजाराला यायच्या. शहराच्या उबेमागे त्यांची पायपीट होती, आणि ती कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही.

वीज आली ती आधी दिव्यांसाठी. १९१० च्या वीज कायद्याखाली परवाना घेतलेल्या कंपन्या ठिकठिकाणच्या शहरांना वीज पुरवत. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर, जून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आलं. नाशिकच्या दृष्टीने मोठी घटना मात्र पुढच्या दशकातली. १९७० च्या सुमारास नाशिकरोडजवळ एकलहरे इथलं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. १९७९ ते १९८१ या काळात तिथे २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले आणि आजची ६३० मेगावॉटची क्षमता त्यांचीच. सुरुवातीचे दोन लहान संच आता बंद आहेत.

एकलहऱ्याला जवळ कोळशाची खाण नाही. कोळसा लांबून रेल्वेने येतो. तो जाळून वाफ होते, वाफेवर जनित्र फिरतं आणि कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश वीज म्हणून हाती लागते. बाकीची बरीचशी शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून हवेत जाते. मग ती वीज तारांतून घरी येते आणि गिझरमध्ये तिची पुन्हा उष्णता होते. बंबात कोळसा जाळून पाणी थेट तापत होतं, आता तेच काम मोठा वळसा घालून होतं. बटण दाबलं की पाणी तापतं, धूर नाही, पहाटे कुणाला बंब पेटवायला उठावं लागत नाही. हे सुख खरं आहे आणि ते सर्वांत आधी बायकांना मिळालं. पण पाणी नुसतं कोमट करण्यासाठी वीज हे फार महागडं इंधन आहे, आणि बिलात दिसतं ते हेच.

बंब आणि गिझर यांच्या मधली वर्षं रॉकेलच्या स्टोची आणि गॅसच्या प्रतीक्षायादीची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी एका खोलीत बादलीत रॉड टाकून पाणी तापवलं. आजही भाड्याच्या खोल्यांत तेच चालतं, आणि रॉड चालू असताना पाण्यात हात घातल्याने जीव जातात. पुढे सिडकोची घरं झाली, गंगापूर रोड-कॉलेज रोडला फ्लॅट आले, आणि बंबाला ना जागा उरली ना धूर जायला वाट.

दरम्यान वीजपुरवठ्याची व्यवस्थाही बदलत होती. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती महाग वीज घेणं थांबवलं. वीजदर ठरवण्याचं काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाकडे गेलं होतं. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. आपलं बिल तेव्हापासून महावितरणचं. त्याच काळात भारनियमन शिगेला होतं. सकाळी वीज नाही म्हणून अनेकांनी गॅस गिझर बसवले.

आता दरांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. घरगुती दर टप्प्यांचे असतात. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये होता आणि १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये. दोन्हींवर १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज तारांतून घरी पोचवण्याचा खर्च. म्हणजे एका युनिटाला ५.८८ रुपये आणि त्यापुढच्या टप्प्यात ११.४६ रुपये. शिवाय स्थिर आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क.

चौघांचं कुटुंब धरा. प्रत्येकी २० लिटरची एक बादली. १८ अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायला बादलीमागे अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. ज्या घरात एरवी महिन्याला ९० युनिट लागतात, तिथे हिवाळ्यात १५० होतात. वापर दोन तृतीयांशाने वाढला. पण नुसता वीज आणि वहन आकार पाहिला तर ५२९ रुपयांचे ११६१ होतात, दुपटीहून अधिक. साठ युनिटांतली पन्नास महाग टप्प्यात पडतात, म्हणून. ज्यांचा वापर एरवी शंभराच्या आत असतो, त्या काटकसरीने राहणाऱ्या घरांनाच हा फटका सर्वांत जोराने बसतो. शंभर युनिटांची ही रेघ चंद्रपूरला मे महिन्यात जी असते, तीच निफाडला जानेवारीत. ऋतूचा किंवा ठिकाणाचा विचार तिच्यात नाही. तो व्हायला हवा.

हेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर महिन्याला साधारण सहा किलो गॅस, म्हणजे अर्ध्या सिलिंडरहून कमी. त्याच वर्षी सिलिंडर आठशे रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे गॅस स्वस्त पडला. पण बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावणं जीवघेणं आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर बसवा आणि झरोका उघडा ठेवा. पैसे वाचवण्यासाठी याबाबत तडजोड करू नका.

हिवाळ्यातलं लख्ख ऊन पाहता नाशिकला सौर बंब, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारं गच्चीवरचं यंत्र, सर्वांत सोयीचा. केंद्राच्या सौर अभियानात त्यावर ३० टक्के अनुदान होतं, ते २०१४ मध्ये बंद झालं. आता भर छतावरच्या सौर विजेवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. बंगलेवाल्यांना दोन्ही शक्य आहे. सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते, तिथे आधी सभेत एकमत व्हावं लागतं. भाडेकरूच्या हातात तर काहीच नसतं.

जिल्ह्याचा मोठा भाग या हिशेबाच्या बाहेरच आहे. सुरगाणा-पेठकडे गॅसची जोडणी असलेल्या घरांतही सिलिंडर स्वयंपाकापुरता जपून वापरतात आणि अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापतं. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला पारा चार अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबक सुरू करतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्यासाठी तो वेळेवर विजेची वाट पाहत बसलेला असतो.

जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठरवण्यात आली, कारण त्या वेळात सौर वीज मुबलक असते. पाणी तापवायची वेळ मात्र पहाटे पाच ते आठ. दुपारी तापवलेलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहील अशा मोठ्या, जाड आवरणाच्या टाक्या आपल्या फ्लॅटांत बसवलेल्या नाहीत, आणि पंधरा-पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये तेवढं पाणी मावत नाही.